तिसरी खुर्ची

इराण्यांच्या हॉटेलांविषयी आम्हां तिघा मित्रांचे चाळीस वर्षांत एकदाही एकमत झाले नाही. अण्णा धोबीतलावच्या कयानीचा अभिमानी. "१९०४ सालचे दुकान आहे ते!" असे तो जणू स्वतःच पाया घातल्याच्या थाटात सांगे. बापू ग्रँट रोडच्या मेरवानच्या मावा केकपुढे साऱ्या जगाला तुच्छ लेखी. मी बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियाचा. इराणातली ती आंबट, लाल बेरी पेरलेला तिथला पुलाव म्हणजे माझे पक्वान्न! वाद इतका रंगे, की चहात बुडवलेला ब्रून विरघळून तळाशी जाई आणि कुणाला त्याचे भानही राहत नसे.

गेल्या पावसाळ्यात अण्णा गेला. त्यानंतर बापू आणि मी, काही न ठरवता, कयानीतच जाऊन बसलो. तिसरी खुर्ची रिकामी होती. ब्रून-मस्का आला. बापूने घास घेतला, बराच वेळ चघळला आणि सवयीने म्हणाला, "मेरवानची सर नाही हो!"

आणि मी, ब्रिटानियाचा जन्माचा कैवारी, टेबलावर मूठ आपटून ओरडलो, "अरे, १९०४ सालचे दुकान आहे हे!"

बापूने मान खाली घातली. चहा दोघांचाही निवला.