पावसाळ्यातले बार्बाडोस

२९ जून २०२४ ची रात्र आठवते ना? बार्बाडोस बेटावरच्या ब्रिजटाऊन शहरात भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. वस्त्यावस्त्यांत फटाके वाजले. पण कप हातात असूनही आपले खेळाडू घरी निघू शकले नाहीत. बेरिल नावाचे चक्रीवादळ बेटाकडे येत होते. विमानतळ बंद, दुकाने बंद, रस्ते ओस. संघ हॉटेलातच अडकला. शेवटी खास विमानाने ४ जुलैला सकाळी दिल्ली गाठली, तेव्हा कुठे संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली.

कॅरिबियन बेटावर ऑफ सीझनमध्ये जायचे म्हणजे काय, याची कल्पना त्या चार दिवसांत आली. मात्र तेवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

तिथला सीझन म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. इंग्लंड-अमेरिका-कॅनडातले लोक थंडीला कंटाळून तिकडे धावतात. ते परतले की हॉटेलांचे दर खाली येतात. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त जोखमीचा. बार्बाडोस बाकीच्या बेटांपासून जरा पूर्वेला सुटे पडलेले आहे, म्हणून बरीच वादळे उत्तरेकडून निघून जातात. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट बेटावर चक्रीवादळ आले ते २०२१ चे एल्सा. बेरिल तर दक्षिणेकडूनच गेले, तरी बंदरातल्या मच्छीमारांच्या कितीतरी होड्या फोडून गेले. तेव्हा तारीख बदलता येईल असेच तिकीट काढावे. रोजचा पाऊस मात्र आपल्या जुलैसारखा नाही. एक जोराची सर येते, पुन्हा ऊन, आणि घामाने जीव नकोसा.

पावसात झाडाखाली उभे राहायची आपली सवय तिथे सोडावी. किनाऱ्यावर मँचिनील नावाचे विषारी झाड असते. त्याच्या पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. फळ हिरव्या सफरचंदासारखे दिसते, म्हणून मुलांना आधीच बजावावे. पुष्कळ झाडांवर लाल पट्टा मारलेला असतो. आणि लष्करी ठिपक्यांचे कपडे नकोत, लहान मुलाची चड्डीसुद्धा नको. तिथे तो गुन्हा आहे. २०११ पासून उन्हाळ्यात पूर्वेच्या किनाऱ्यावर समुद्री शेवाळाचे ढीग येतात, ते कुजले की वास सुटतो. अशा वेळी सरळ बसने पश्चिम किनाऱ्याला जावे. बसचे भाडे जवळ जा की लांब जा, एकच. किनारे सर्वांना खुले आहेत. हॉटेल कितीही श्रीमंती असो, समोरच्या वाळूवर बसायला कुणी मनाई करू शकत नाही. मला या बेटाची ही गोष्ट फार आवडते.

दर उतरतात त्याची दुसरी बाजूही पाहावी. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही हॉटेले डागडुजीसाठी बंद असतात. खोल्या आवरणाऱ्या बाया, वेटर, टॅक्सीवाले यांचे काम त्या दिवसांत कमी होते. आपल्याला जे स्वस्त पडते, ते त्यांच्या घरात कमी आलेले असते. म्हणून फळवालीशी, टॅक्सीवाल्याशी फार घासाघीस करू नये.

पण बेटाचा स्वतःचा सण याच दिवसांत येतो, आणि सीझनचा पाहुणा तो चुकवतो. एके काळी हे सगळे बेट उसाचे होते, आणि ऊस तोडायला आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. तोडणी संपली की जो उत्सव व्हायचा, त्याला क्रॉप ओव्हर म्हणतात. मध्ये तो बंद पडला होता, १९७४ मध्ये पुन्हा सुरू झाला. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी त्याचा शेवटचा दिवस असतो. त्याच्या आगेमागे १ ऑगस्ट, गुलामीमुक्तीचा दिवस. १८३४ मध्ये याच तारखेला कायद्याने गुलामी संपली. नुकसानभरपाई म्हणून दोन कोटी पौंड मंजूर झाले, पण ते मालकांना. गुलामांना मिळाली ती आणखी चार वर्षांची बिनपगारी वेठ.

त्याआधी बुसा नावाच्या गुलामाने बंड केले होते. तारीख १४ एप्रिल, साल १८१६. ही तारीख वाचून आपण क्षणभर थांबलो तर नवल नाही. बुसा लढता लढता पडला, शेकडो माणसे मारली गेली. १९८५ मध्ये एका वर्दळीच्या चौकात पुतळा उभारला: उघड्या अंगाचा माणूस, पसरलेले हात, मनगटांत तुटलेल्या साखळ्या. लोक त्याला बुसाच म्हणतात.

उत्सवाच्या सोमवारी स्प्रिंग गार्डन रस्त्यावर सकाळपासून बँडमागे बँड निघतात. एरवी हॉटेलात ट्रे उचलणारी पोरेपोरी त्या दिवशी पिसांचे मुकुट घालून नाचतात. सर आली तरी कुणी आडोशाला पळत नाही.