लंडनहून अँटवर्प : तीन दिवस एका व्यापारी नगरात

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी, नोकरीसाठी लंडनला असली की आईवडिलांची एखादी फेरी तिकडे होतेच. महिनाभराच्या मुक्कामात संग्रहालये, थेम्सचा काठ आणि नातलगांकडची जेवणे आटोपतात. मग कोणीतरी सुचवते, ‘‘दोन-तीन दिवस रेल्वेने युरोपात जाऊन येऊ या.’’ अशा वेळी बहुतेकांच्या मनात प्रथम पॅरिस येते. व्यापारी घराण्यातील मंडळींनी मात्र शनिवार-रविवारला एक शुक्रवार जोडून अँटवर्पचा विचार करावा. बेल्जियममधील शेल्ट नदीच्या काठचे हे बंदर पायी फिरण्याजोगे आहे. व्यापार कशावर उभा राहतो आणि कशाने कोसळतो, हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके फार थोड्या शहरांत दिसत असेल.

आधी कागद, मग तिकीट

या सहलीचे नियोजन व्हिसापासून सुरू होते. ब्रिटनचा व्हिसा बेल्जियममध्ये चालत नाही. भारतीय पारपत्र असणाऱ्यास शेंगेन व्हिसा स्वतंत्रपणे घ्यावा लागतो. ब्रिटनमध्ये नियमाने वास्तव्य करणारी मुले तेथूनच अर्ज करू शकतात. पण पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांना तेथे अर्ज करण्याची मुभा सहसा मिळत नाही, कारण हा अर्ज आपल्या वास्तव्याच्या देशातून करणे अपेक्षित असते. म्हणून लंडनला निघण्यापूर्वीच भारतातून तो करून ठेवावा. प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून १५ दिवसांपर्यंत अर्ज देता येतो. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे आणि किमान ३०,००० युरो संरक्षणाचा वैद्यकीय विमा आवश्यक आहे. ब्रिटनचा व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हेही पाहून घ्यावे; अन्यथा परतीच्या वाटेवर अडचण उभी राहील. ज्यांच्याकडे ब्रिटिश पारपत्र आहे त्यांना व्हिसा लागत नाही. मात्र ते पारपत्र दहा वर्षांच्या आत काढलेले असावे आणि परतीच्या दिवसानंतर किमान तीन महिने वैध असावे.

तिकीट युरोस्टारचे. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकावरून ब्रुसेल्स सुमारे दोन तासांवर आहे. भाडे विमानाप्रमाणे मागणीनुसार चढते, त्यामुळे तारीख ठरताच आरक्षण करणे हिताचे. लंडनहून अँटवर्पला थेट गाडी नाही. ब्रुसेल्सला उतरून बेल्जियमची देशांतर्गत गाडी घ्यावी लागते. या गाड्या तासाला अनेक असतात आणि पाऊण तासाच्या आसपास अँटवर्पला पोहोचवतात. नावांचा घोळ मात्र लक्षात ठेवावा. ब्रुसेल्सचे जे स्थानक फ्रेंचमध्ये ‘मिदी’ तेच डच भाषेत ‘झाउड’. अँटवर्पला फ्रेंच लोक ‘आन्वेर’ म्हणतात आणि तेथील डचभाषक ‘अँटवर्पन’.

स्थानकावर गाडीच्या वेळेआधी सव्वा ते दीड तास पोहोचावे. फ्रान्सचे सीमा अधिकारी सेंट पँक्रासलाच पारपत्र तपासतात, म्हणजे युरोपात प्रवेश लंडनच्या फलाटाआधीच होऊन जातो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपीय संघाने प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू केली आहे, तिलाही थोडा वेळ द्यावा लागतो. बेल्जियमचे घड्याळ ब्रिटनच्या एक तास पुढे असते. जाताना तो तास हातचा जातो, येताना परत मिळतो.

डबा आणि सूर्यास्त

जैन कुटुंबाच्या नियोजनात डब्याला व्हिसाइतकेच महत्त्व. ब्रिटनमधून युरोपीय संघात दूध व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना बंदी आहे. पेढे, बर्फी, दही, पनीर लंडनलाच ठेवावे. खाकरा, चिवडा, भाजलेले पोहे आणि सुका मेवा पुरेसा होतो.

बेल्जियममध्ये बटाट्याची तळलेली कापे जागोजाग मिळतात. कंदमूळ वर्ज्य असणाऱ्यांचा तेथे प्रश्नच येत नाही. परंतु जे बटाटा खातात त्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण परंपरेने ती गोमांसाच्या चरबीत तळली जातात. वॉफलमध्ये अंडे असते. चॉकलेटच्या काही प्रकारांत मद्य किंवा जिलेटिन असते, आणि अनेक चीजमध्ये प्राणिज रेनेट. घटकांची यादी वाचण्याचा आळस येथे परवडत नाही.

चौविहार पाळणाऱ्यांनी ऋतू पाहून तारखा ठरवाव्यात. जूनअखेर अँटवर्पला सूर्य रात्री १० च्या सुमारास मावळतो, डिसेंबरात साडेचारच्या सुमारासच. हिवाळ्यात गेल्यास सायंकाळचे जेवण दुपारी चारलाच उरकावे लागेल आणि सारा दिवस त्याभोवती बांधावा लागेल. एप्रिल-मे हे महिने या दृष्टीने सोयीचे.

शुक्रवार : हिऱ्यांची पेठ

निघण्यासाठी शुक्रवारची पहाट निवडण्याचे कारण असे, की हिरे बाजाराच्या कचेऱ्या शनिवार-रविवारी बंद असतात. शुक्रवारी दुपारपर्यंत पोहोचल्यास निदान त्या गल्ल्यांतील वर्दळ दिसते. तीही लवकर ओसरू लागते, कारण ज्यू व्यापाऱ्यांचा साबाथ शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो.

अँटवर्पचे मुख्य स्थानक १९०५ साली पूर्ण झाले. लुई देलासेन्सरी या वास्तुशिल्पकाराने उभारलेला त्याचा दगडी घुमट सुमारे ७५ मीटर उंच आहे. पूर्वी गाड्या येथे येऊन थांबत आणि उलट फिरत. पुढे शहराच्या पोटातून बोगदा काढून २००७ साली गाड्या आरपार नेण्यात आल्या आणि स्थानकात एकाखाली एक मजल्यांवर फलाट आले. वर जुना घुमट शाबूत, खाली नवी वाहतूक, अशी ही रचना आहे. सामान ठेवण्याची घाई न करता अर्धा तास येथेच द्यावा.

हिऱ्यांची पेठ स्थानकाला लागूनच आहे. होव्हेनियर्सस्ट्राट आणि तिच्या आजूबाजूच्या दोन-तीन अरुंद गल्ल्या, दोन्ही टोकांना पोलिसांचा पहारा, वाहनांना मज्जाव. बाहेरून पाहता कचेऱ्यांच्या साध्या इमारती. हिऱ्यांचे चार बाजार येथे आहेत. त्यांपैकी पहिला १८९३ सालचा. सौदा ठरला की व्यापारी हातात हात देऊन ‘मझल’ असा हिब्रू शब्द उच्चारतात. ज्यू असो, जैन असो वा अन्य कोणी, हा शब्द उच्चारल्यावर भाव बदलत नाही. तंटा झाला तर बाजाराचे पंच निवाडा देतात. ज्याचा शब्द एकदा खोटा पडला त्याला या गल्लीत दुसरा सौदा मिळणे कठीण.

या पेठेचा भारताशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकापर्यंत जगाला मिळणारे हिरे मुख्यतः भारतातून, गोवळकोंड्याच्या परिसरातील खाणींतून जात. आधी खडे गेले आणि काही शतकांनी माणसे गेली. १९६० नंतरच्या काळात गुजरातमधील पालनपूरची जैन कुटुंबे येथे येऊ लागली. लहान आकाराचे, कमी भावाचे खडे त्यांनी घेतले, सुरतेला पैलू पाडून आणले आणि जो माल बडे व्यापारी हाती धरत नसत त्यातून बाजार उभा केला. आज या व्यापाराचा मोठा हिस्सा भारतीयांकडे आहे. शहराच्या दक्षिणेकडील विल्राइक भागात या समाजाने भारतात कोरून नेलेल्या पांढऱ्या संगमरवराचे जिनमंदिर उभारले आहे. दर्शनास जाण्यापूर्वी वेळ व प्रवेशाची पद्धत संस्थेकडे विचारून घ्यावी.

शनिवार : पेढी आणि वही

शनिवार जुन्या गावासाठी. १५३१ साली व्यापाऱ्यांसाठी मुद्दाम बांधलेला बाजार येथे उघडला. कोणत्याही देशाच्या आणि कोणत्याही भाषेच्या व्यापाऱ्याला तो खुला होता. इंग्लंडच्या राजसत्तेचा अडत्या म्हणून टॉमस ग्रेशम अँटवर्पला राहत असे. हा बाजार पाहूनच त्याने लंडनमध्ये तसा बाजार बांधला, आणि १५७१ साली राणी एलिझाबेथने त्याला ‘रॉयल एक्स्चेंज’ हे नाव दिले. लंडनहून येणारा प्रवासी अशा रीतीने लंडनच्या बाजाराच्या मुळाशीच येऊन पोहोचतो. अँटवर्पची जुनी इमारत १८५८ साली जळाली. आज दिसते ती त्यानंतरची, २०१९ साली डागडुजी करून पुन्हा उघडलेली.

दुसरे ठिकाण प्लांटिन-मोरेटस संग्रहालय. क्रिस्तोफ प्लांटिन हा फ्रान्समधून आलेला कारागीर. १५५५ साली त्याने येथे छापखाना सुरू केला. त्याच्यामागे जावयाने आणि जावयाच्या वंशजांनी तो पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ सांभाळला. १८७६ साली घर, यंत्रे, खिळे आणि कागदपत्रे यांसह सारे नगरपालिकेला विकण्यात आले. जगातील सर्वांत जुनी दोन मुद्रणयंत्रे येथे आहेत. पण व्यापाऱ्याचे पाय जेथे थबकावेत ती जागा वेगळी आहे : या पेढीच्या हिशेबाच्या वह्या, पत्रव्यवहार आणि कामगारांच्या मजुरीच्या नोंदी पिढ्यानुपिढ्या जपून ठेवलेल्या आहेत. युनेस्कोने २००१ साली हे दप्तर जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले आणि २००५ साली वास्तूला जागतिक वारसा ठरवले. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरातील मुलांना ही वास्तू आवर्जून दाखवावी. श्रम आणि सातत्य हे त्या पेढीचे बोधवाक्य होते.

रविवार : नदी

रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारी प्रवेश मिळतो. १२३ मीटर उंच मनोरा आणि आत रुबेन्सची चार मोठी चित्रे आहेत. सकाळ नदीसाठी ठेवावी. १९३३ साली खुला झालेला सेंट अ‍ॅना पादचारी बोगदा शेल्टखालून ५७२ मीटर चालत पलीकडे नेतो. त्याचे लाकडी सरकते जिने आजही चालू आहेत. पलीकडच्या काठावरून अख्खे जुने शहर एका नजरेत येते.

तेथे उभे राहून शहराचा इतिहास आठवावा. सोळाव्या शतकाच्या मध्यात अँटवर्प हे युरोपातील सर्वांत श्रीमंत बंदरांपैकी एक होते. १५७६ साली पगार थकलेल्या स्पॅनिश सैनिकांनी ते लुटले. १५८५ साली शहर स्पेनला शरण गेले आणि प्रोटेस्टंटांना धर्म बदलण्यासाठी किंवा गाव सोडण्यासाठी चार वर्षांची मुदत मिळाली. हजारो व्यापारी व कारागीर उत्तरेकडे निघून गेले. शेल्टचे मुख डचांनी रोखले ते सुमारे दोनशे वर्षे. गोदामे, धक्के, बाजाराची इमारत सारे जागेवर राहिले. व्यापार माणसांबरोबर अ‍ॅमस्टरडॅमला गेला.

ज्या नगराने परक्यांसाठी बाजार उघडला ते भरभराटीला आले, आणि भिन्न मताच्या माणसांना त्याने बाहेर काढले तेव्हा ते ओस पडले. हिऱ्यांच्या गल्लीत आज ज्यू, जैन, लेबनानी, आर्मेनियन शेजारी बसून व्यवहार करतात, त्यामागे हा अनुभव आहे. मात्र या बाजारालाही आता कठीण दिवस आले आहेत. दुबईची स्पर्धा वाढली आहे, प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांनी भाव खाली आणले आहेत आणि २०२४ च्या आरंभापासून युरोपीय संघाने रशियन हिऱ्यांवर निर्बंध घातले आहेत. तेथील अनेक घरांतील पुढची पिढी कोठे स्थिरावायचे याचा विचार करत आहे. महाराष्ट्रातील पेठांमधून पुण्या-मुंबईला आणि तेथून परदेशी गेलेल्या मुलांच्या घरांना हा प्रश्न अपरिचित नाही.

रविवारी सायंकाळच्या गाडीसाठी अँटवर्पहून दुपारीच निघावे. ब्रुसेल्सला बेल्जियमची आणि ब्रिटनची अशा दोन्ही तपासण्या गाडीत बसण्यापूर्वी होतात, त्यासाठी दीड तास हाती असावा. तीन दिवसांत आणखी एक शहर बसवण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. वेळ उरल्यास मुलांना घेऊन प्लांटिनच्या वह्यांपाशी पुन्हा एकदा जावे आणि घरच्या जुन्या वह्या, पहिल्या दुकानाचा करारनामा, आजोबांची पत्रे सध्या कोणत्या कपाटात आहेत, याची त्यांना माहिती द्यावी.