मसुराएवढी ग्रंथी

आमच्या अष्टागरात कुणाला मूतखडा झाला की दोष विहिरीच्या पाण्याला. समुद्र हाकेवर, पाणी मचूळ, मग खडा होणारच! थोरल्या जाऊबाईंना दोनदा झाला तेव्हाही शेजारपाजारचं निदान हेच. कुळथाचं कढण सुरू. कंबर दुखते? वय झालं. पोट साफ होत नाही? चालणं कमी. रात्री चारचारदा उठून तांब्या रिकामा करायच्या, पण साखर तपासली तर ठीक. बोलणं कमी झालं, सांगितलेलं विसरू लागल्या, भजनी मंडळ सुटलं, तेव्हा नातेवाइकांचा निकाल ठरलेला : स्वभाव बदलला हो! प्रत्येक दुखण्याला वेगळं कारण सापडलं की बेरीज करायचं कुणाला सुचत नाही.

मग अंगणात जराशा घसरल्या आणि मनगट मोडलं. "कॅल्शियम कमी पडतंय, दूध प्या" सांगायला सगळी आळी येऊन गेली. रक्त तपासलं, तर कॅल्शियम ११.८! ते साधारण साडेदहाच्या आत हवं.

गळ्यात थायरॉइडच्या मागे मसुराएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड. पुस्तकी मराठीत परावटू. रक्तातलं कॅल्शियम उतरलं की त्यांचा स्राव, म्हणजे पीटीएच, हाडांतून ते काढून आणतो. बहुधा एखाद्याच ग्रंथीची साधी गाठ होते आणि ती गरज नसताना काढतच राहते, फंडातून रोज पैसे काढावेत तशी. हाडं पोकळ, लघवीत खडे, आणि मनावरही मळभ. कॅल्शियम चढलेलं असताना पीटीएच खाली हवं. जाऊबाईंचं तेही वर होतं.

गंमत म्हणजे ही ग्रंथी प्रथम दिसली ती आपल्याकडच्या गेंड्यात! लंडनच्या प्राणिसंग्रहालयातला भारतीय गेंडा मेला, त्याच्या विच्छेदनात १८५० च्या सुमारास रिचर्ड ओवेन यांना. माणसात तिचं नीट वर्णन सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केलं. १९२५ मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल यांनी एका ट्राम कंडक्टरची अशी गाठ काढली.

जाऊबाईंना मांडव्याहून रो-रो बोटीनं मुंबईला नेलं. शस्त्रक्रियेनंतर ओठांना मुंग्या आल्या, कारण उपाशी हाडं आता कॅल्शियम ओढून घेत होती. म्हणून काही महिने कॅल्शियमच्याच गोळ्या!

ज्यांना खडा पुन्हा पुन्हा होतो, त्यांनी डॉक्टरांना रक्तातल्या कॅल्शियमचं जरूर विचारावं. जाऊबाईंचे गुडघे अजून दुखतात. तो संधिवात खराच आहे. पण भजनाला जातात, आणि येताना मला ऐकवतात, "तू तिसऱ्या अभंगात बेसूर झालीस."