तंजावर, तेही मंगळवारी!

एकाच विमानात, एकाच रांगेत तीन माणसं शेजारी शेजारी बसतात, एकाच वेळी उतरतात, आणि तिघांनी मोजलेले पैसे मात्र तीन तऱ्हेचे! ज्यांना हे आधीपासून ठाऊक आहे त्यांनी कृपा करून हसू नये. मला हे यंदा कळलं, आणि तेव्हापासून दिवेआगरच्या आमच्या आळीत मी दुसऱ्या कशाबद्दल बोललेलीच नाही, असं यांचं म्हणणं आहे.

निमित्त तंजावरचं. व्यंकोजीराजांचं तंजावर, सरस्वती महाल ग्रंथालय, बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा मराठीतला इतिहास, हे सगळं बघायचं कित्येक वर्षं मनात होतं. पण आमचा धंदा घरगुती राहण्या-जेवणाचा. दिवाळीपासून मे संपेपर्यंत पाहुणे, सुवर्णगणेश, मोदक, मासळी, चादरी धुणं. मोकळीक मिळते ती भर पावसात. आणि विमान म्हणजे आमच्या भागात आखातात नोकरीला जाणाऱ्यांची गोष्ट. घरच्या माणसांनी फिरायला जाताना विमानाचा विचार करायचा हेच डोक्यात नव्हतं.

पुतण्याने फोनवर गूगल फ्लाइट्स उघडून दिलं आणि तो गेला बोर्लीला. मी मुंबई लिहिलं, तंजावरसाठी चेन्नई लिहिलं, तारखेच्या चौकटीवर बोट ठेवलं, आणि काय सांगू! अख्खा महिना उघडला आणि प्रत्येक तारखेखाली त्या दिवसाचं भाडं! स्वस्तातल्या तारखा हिरव्या अक्षरांत. मे महिन्याचे आकडे बघून डोळे फिरले. बोटाने वर ढकलत जुलैत आले, तर हिरवंच हिरवं. त्यातही शुक्रवार-रविवार चढे, मंगळवार-बुधवार खाली. मी ताडकन उठले आणि आमची बुकिंगची वही काढली. अहो, हा तर माझाच धंदा! माझ्याकडे शनिवारच्या खोलीचा भाव वेगळा, मंगळवारचा वेगळा. मंगळवारची खोली रिकामी राहिली तर ती रात्र गेली, बुधवारी दोनदा विकता येत नाही. विमानातल्या खुर्चीचं तेच. दार लागलं की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य.

फरक एकच, आणि तो मला फार वेळ छळत होता. संध्याकाळी सहाला कुणी दारात आलं आणि खोली मोकळी असली, तर मी भाव उतरवते. विमानवाले शेवटच्या दिवशी भाव चढवतात! असं का? पुतण्याला विचारलं, वाचलं, तेव्हा उलगडलं. शेवटच्या क्षणी येणारा माणूस बहुधा अडलेला असतो. कामाची बैठक, आजारपण, मर्तिक. तो देणारच. आधीपासून ठरवणारा मात्र किंमत बघून बेत बदलतो, त्याला लालूच दाखवावी लागते. अमेरिकन एअरलाइन्सच्या रॉबर्ट क्रँडल यांनी १९७७ मध्ये ‘सुपर सेव्हर’ तिकिटं काढली ती याच हिशेबाने: तिकीट बरंच आधी घ्या, तिकडे काही दिवस राहा, मग स्वस्त. कामाचा माणूस या अटीत बसतच नाही. हुशारी आहे, पण मर्तिकाला निघालेल्या माणसाकडून तिप्पट घेणं मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही.

आपल्याकडे १९९४ पर्यंत खासगी कंपन्यांना नियमित विमानसेवेची कायद्यानेच मुभा नव्हती. पुढे २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन आली, एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा गावोगाव झाली. आमच्या कानावरही आली होती. तेव्हा आम्ही ती थाप समजलो! थाप नव्हती. थोड्या खुर्च्या खरंच तेवढ्याला होत्या, बाकीच्या वरच्या भावाच्या.

आणि इथेच सगळ्यात मोठी गंमत आहे. विमानातल्या खुर्च्यांचे भावाप्रमाणे गट पाडलेले असतात. पहिल्या गटात समजा दोनच खुर्च्या उरल्या आहेत आणि आपण चार माणसं मागितली, तर संगणक सहसा चौघांनाही वरच्या गटाचा भाव लावतो. म्हणून आधी एका माणसाचं भाडं बघायचं, मग चौघांचं. आम्ही दोघं, नणंद आणि तिचे यजमान. एकासाठी विचारलं तेव्हा चार हजारांच्या आत, चौघांसाठी विचारलं तर डोई चार हजार सहाशे. मी तिकिटं दोन-दोन करून काढली! आमची दोन खालच्या भावात आली, नणंदेची वरच्या. फरक चौघांत वाटून घेतला, भावाबहिणीत वाद नकोत.

आता आमच्या गावाची गोष्ट. दिवेआगरला जवळचा विमानतळ नाही, असं आम्ही रडत असू. पण बघा, माणगावला आलं की एका बाजूला मुंबईचा रस्ता, दुसरीकडे ताम्हिणी चढून पुणे, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं सुटू लागली, तीही खाडी न ओलांडता. एकही जवळ नाही, म्हणून आम्हाला तिन्ही सारखेच! निघण्याच्या रकान्यात या विमानतळांची लघुनावं बीओएम, एनएमआय, पीएनक्यू अशी स्वल्पविराम देऊन लिहिली की तिन्हीकडचे भाव एकत्र येतात. मुंबईकर आपल्या एका विमानतळाला चिकटून बसतो, आम्ही मोकळे. मात्र पहाटे पाचचं स्वस्त विमान बघून भुलायचं नाही. त्यासाठी रात्री गाडी करून निघायचं, घाटरस्त्यात पाऊस, ड्रायव्हरचं रात्रीचं भाडं. सगळं धरलं तर दुपारचं महाग विमानच स्वस्त पडलं.

पैसे भरण्याचं पान हा वेगळाच तमाशा. ओटीपी यांच्या फोनवर, हे सुपारीच्या वाडीत, आणि पडद्यावर घड्याळ उलटं धावतंय! मी अंगणातून हाका मारतेय, हे तिकडून एकेक आकडा ओरडून सांगताहेत, शेजारच्या काकू ‘काय झालं, काय झालं’ करत धावत आल्या. त्याआधी तिकिटं विकणाऱ्या एका दुसऱ्या साइटच्या अशाच पानावर मी दोन गोष्टी पकडल्या होत्या. एक, न मागता लावून ठेवलेला विमा. दुसरी, ‘कन्व्हिनियन्स फी’, माणशी आणि फेरीमागे. न विचारता टोपलीत माल घालणं आणि शेवटी आकडा फुगवणं, या दोन्हींवर २०२३ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांत बंदी आहे. विम्याची खूण काढली, मग विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन तेच तिकीट बघितलं. तिथे एकूण रक्कम कमी निघाली, तिथूनच घेतलं. आणि हे लक्षात ठेवा: तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं आणि रद्द करावं लागलं, तरी त्यातले सरकारी कर आणि विमानतळाचं शुल्क परत मिळतं. लोक ते मागतच नाहीत!

सामानाचे नियम वाचताना तर मी कपाळावर हात मारला. तंजावरला ओळखीच्या मराठी कुटुंबाकडे न्यायला दिवेआगरातून काय न्यावं? नारळ! आणि सुका नारळ, खोबरं सामानात चालत नाही. तेल असतं, पेट घेऊ शकतं. मग रोठा सुपारी, आमसुलं आणि फणसाचे पापड ठरले.

येतानाचं तिकीट वेगळं काढावं, हे मला सगळ्यात शेवटी सुचलं. देशातल्या देशात जाण्याचं एक, येण्याचं एक, वेगवेगळ्या कंपन्यांचं घेतलं तरी सहसा तोटा नाही. मग मुंबईलाच का परतायचं? चेन्नई-पुणे बघितलं. मंगळवारी! हिरवं! लेक पुण्यात असते. तिला फोन केला, तर म्हणाली, ‘आई, मंगळवारी मला सुट्टी नसते गं.’ म्हटलं, तू कामाला जा, किल्ली शेजारी ठेव, संध्याकाळी येशील तेव्हा जेवण तयार असेल.