वरच्या खोलीतली रेल्वे

घरातल्या कर्त्या पुरुषाची नोकरी गेली की घरात दोन गोष्टींची टंचाई होते. एक पैशाची, ती सगळ्यांना दिसते. दुसरी कामाची, ती फक्त घरातल्यांना जाणवते. वीस वर्षे सकाळी डबा घेऊन निघणारा माणूस नऊ वाजता घरातच असतो आणि कुठे बसावे हे त्याला कळत नाही. या दुसऱ्या टंचाईवर आमच्या घरात जो उपाय निघाला, तो अनेकांना खटकला. वाचक भगिनींपैकी कुणाच्या घरी आज तीच वेळ असेल, म्हणून लिहिते आहे.

मुलांचे अब्बा पिरंगुटकडच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. तिथले काम बंद झाले आणि चौदा महिने त्यांना कायमची नोकरी मिळाली नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. घर माझ्या पगारावर चालले. अधूनमधून वायरिंगचे काम यायचे, पण चार दिवस काम की पंधरा दिवस रिकामे. त्या रिकाम्या दिवसांत त्यांनी वरच्या खोलीत रेल्वे उभी करायला घेतली: बारा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर रूळ, स्टेशन, डोंगर, पूल, सिग्नल.

आता लोक काय म्हणाले ते सांगते. "भाभी कमावतात आणि भाईजान खेळतात," असे एकाने हसत म्हटले. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी न हसता विचारले, "बेटी, हा इसराफ नाही का?" प्रश्न रास्त होता. उधळपट्टी आहे की नाही, हे हिशेबाशिवाय कळत नाही. म्हणून आम्ही दोघांनी वही घातली. महिन्याला पंधराशे रुपयांच्या वर खर्च नाही, फी आणि किराणा आधी, उधारी अजिबात नाही. प्लायवूड जुन्या कपाटाचे निघाले, तारा त्यांच्याच पेटीतल्या होत्या. महाग पडले ते इंजिन, डबे आणि रूळ. ही मॉडेल्स बहुतेक परदेशी बनावटीची असतात. त्यातले एक इंजिन आणि पाच डबे वापरलेले मिळाले. वही दाखवल्यावर त्या वडीलधाऱ्यांनी पुन्हा विचारले नाही.

या छंदात गणित किती आहे, हे मला वरच्या खोलीतच समजले. जगात सर्वांत जास्त चालणारे प्रमाण 'एचओ' म्हणजे १ : ८७. युरोप-अमेरिकेतल्या प्रमाण रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले की साडेसोळा मिलिमीटर येते, आणि मॉडेलचे रूळ तेवढेच असतात. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे तिला खरे तर सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. म्हणून भारतीय गाडी या रुळांवर चालवली की रूळ किंचित अरुंदच राहतात. आपल्याकडचा निळा जुना प्रवासी डबा एकवीस मीटरपेक्षा थोडा लांब. मॉडेलमध्ये तो साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो. तसे बावीस डबे जोडले तर गाडी जवळजवळ साडेपाच मीटर लांब होईल, आणि आमची खोलीच सव्वाचार मीटरची आहे! म्हणून सगळे शौकीन पाच-सहा डब्यांवर समाधान मानतात. आमच्या सातवीतल्या मुलाला गुणोत्तर-प्रमाण हा धडा पाठ्यपुस्तकात जड जात होता. टेबलाजवळ मोजपट्टी घेऊन तो तेच गणित न सांगता करू लागला.

डोंगराचे गणित याहून कठीण. आपला बोरघाट १८६३ साली रेल्वेसाठी खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ १ : ३७ आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. तेवढ्यासाठीही आजवर गाड्यांना कर्जतपासून मागे जादा इंजिने जोडावी लागत आली आहेत. मॉडेलमध्ये एक गाडी दुसरीच्या डोक्यावरून न्यायची तर रूळ साधारण साडेसात सेंटीमीटर उचलावा लागतो. बोरघाटाच्याच चढाने गेलो तरी त्यासाठी पावणेतीन मीटर लांबी लागते. आमचे टेबल साडेतीन मीटरचे. म्हणून रूळ टेबलाच्या कडेने वळवत वळवत वर नेला. पहिल्या चाचणीला इंजिन अर्ध्यावर जागीच चाके फिरवत राहिले. त्यांनी दोन डबे कमी केले आणि चढ थोडा सौम्य केला.

विजेचे काम मात्र त्यांच्या हातचे. या गाड्या बारा व्होल्टच्या डीसीवर चालतात. एका रुळातून वीज इंजिनात जाते, दुसऱ्यातून परत येते. तारा उलट केल्या की गाडी उलट चालते. गंमत अशी की रूळ गोल फिरवून त्याच मार्गावर परत आणला, की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्टसर्किट होते. तिथे रूळ कापून मधला तुकडा वेगळा ठेवावा लागतो आणि त्याला वेगळे बटण द्यावे लागते. टेबलाखाली त्यांनी प्रत्येक तारेला रंग आणि नंबर दिला, कारखान्यात देत तसाच. रोज सकाळी नऊला ते वर जायचे आणि एकला जेवायला खाली यायचे. ते घड्याळ परत आले, हे मला सर्वांत मोलाचे वाटले.

हळूहळू सगळे घर त्यात आले. सासूबाई वापरलेली चहापावडर उन्हात वाळवून ठेवू लागल्या. फेव्हिकॉलवर भुरभुरली की ती हुबेहूब माती दिसते. मुलीने लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन गवत केले. जाळीवर कागद आणि प्लास्टर ऑफ पॅरिस चढवून डोंगर झाला. स्टेशनचे नाव ठरवायची वेळ आली तेव्हा मुलांनी एकमताने 'मुळशी' म्हटले. आमच्या पौडच्या आसपास रेल्वे स्टेशन नाही; निदान टेबलावर तरी असू द्या! महाराष्ट्रात पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असते. खाली उर्दूची ओळ मी लिहिली. शिक्षिकेच्या घरात एवढे चालते.

पुण्यात कोथरूडला कर्वे रस्त्याजवळ जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आपल्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ साली लोकांसाठी खुले केले. तिथे एक अख्खे शहर आहे: सिग्नल, उड्डाणपूल, सर्कस, पोहण्याचा तलाव, वरून लटकत धावणारी गाडी; आणि अंधार झाला की दिवे लागतात. आम्ही मुलांना घेऊन गेलो. मुले गाड्या पाहत होती. त्यांचे अब्बा सिग्नल कोणत्या क्षणी बदलतो ते पाहत होते. जर्मनीत हॅम्बुर्गला ब्राऊन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये असेच दालन सुरू केले. आज ते जगातले सर्वांत मोठे समजले जाते. दोन्हीकडची सुरुवात एका माणसाच्या किंवा एका घराच्या शौकातूनच झाली, आणि दोन्हीकडे तो शौक इतरांसाठी खुला झाला. हे मला महत्त्वाचे वाटते. आमच्याकडेही रविवारी दुपारी गल्लीतली मुले येतात. चपला खाली, हात मागे, आणि बटण पाळीपाळीने.

या रेल्वेने त्यांना नोकरी मिळवून दिली, असे मी म्हणणार नाही. ती ओळखीतून मिळाली. आता ते एका कंत्राटदाराकडे वायरिंगचे काम पाहतात. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. मुळशीच्या पावसाने प्लायवूडची एक कड फुगली आहे आणि बोगदा अर्धाच आहे. पण ज्या दिवशी कामाचे बोलावणे आले, त्या दिवशी ते अंथरुणातून उठून गेले नाहीत, वरच्या खोलीतून खाली उतरून गेले. हातातले हुनर तसेच होते, आणि मुलांनी अब्बांना चौदा महिने काहीतरी घडवतानाच पाहिले होते.

घरात कुणाचे काम सुटले असेल, तर त्याला "आता काय करणार?" असे रोज विचारू नका. त्याचे हात काय जाणतात ते विचारा. एक कोपरा द्या, एक रक्कम ठरवा, हिशेबाची वही ठेवा. आणि कुणी हसले, तर हसणाऱ्याला एकदा वर नेऊन गाडी दाखवा.