आकड्यांचे वेड

आमच्या ताईच्या यजमानांचे सोलापुरात नवी पेठेत कापडाचे दुकान आहे. मुलगा चोवीस वर्षांचा झाला, तरी गल्ल्यावर बसून बिलाच्या पाठीवर आकड्यांची कोडी मांडण्याचे त्याचे शाळकरी वेड सुटत नाही. आता मुली सांगून येताहेत. ताईने गळ घातली, "तू मास्तर ना? समजाव त्याला!"

मी गेलो, तर त्याने माझ्याच हाती पेन्सिल दिली. "मामा, ३५२४ घ्या. अंक उतरते मांडा, चढते मांडा, वजाबाकी करा." ३०८७ आले. पुन्हा केले, ८३५२. पुन्हा, ६१७४. पुढे काही केल्या ६१७४च! चारही अंक सारखे नसले, की कोणतीही चार अंकी संख्या फार तर सात फेऱ्यांत इथेच येऊन बसते.

ही गंमत १९४९ साली जगापुढे मांडली ती देवळालीच्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी. तेही शाळामास्तरच! इथल्या पंडितांनी त्यांचे खेळ पोरकट ठरविले. १९७५ साली अमेरिकेच्या मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर झाले.

भाचा काही कापरेकर नव्हे, हे मला कळते. पण गिऱ्हाईक ताटकळत नाही, हिशेब चुकत नाही. मग अडते कुणाचे? मी ताईला म्हटले, "मुलीला आधी त्याची वही दाखव." ताई तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.