माझे नाव अंबर

आमच्या वर्गात चार इम्रान होते. अंबर मात्र मी एकटाच! "हे तर मुलीचे नाव," असे म्हणून मुले मला चिडवत. एकदा मी रुसून म्हणालो, "दादाजान, माझे नाव बदला."

ते हसले. रविवारी एस.टी.ने त्यांनी मला खुलताबादला नेले आणि मलिक अंबरचा मकबरा दाखवला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. त्याने १६१० मध्ये खडकी नगर वसवले. तेच पुढे औरंगाबाद झाले, आजचे छत्रपती संभाजीनगर. जमिनीखालून नहर काढून त्याने शहराला पाणी दिले. केवढे हे काम!

उर्दूत अंबर म्हणजे सुगंधी द्रव्य. मराठीच्या तासाला सरांनी फळ्यावर लिहिले, 'अंबर म्हणजे आकाश'. सगळा वर्ग माझ्याकडे वळून पाहू लागला. घरी येताच मी वहीच्या कव्हरवर माझे नाव दोन्ही लिप्यांत लिहिले.